फोन रूट करण्याआधी : प्रस्तावना

वरवंडमध्ये पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या मोबाइल दुकानांत गिऱ्हाइकांची वाक्यं ठरलेली असतात. 'फोन लई हँग होतोय, जरा सॉफ्टवेअर मारून द्या.' 'मेमरी फुल्ल दाखवतंय, काय करू?' 'ही कंपनीची ॲपं काढता येत नाहीत का हो?' आणि कॉलेजात जाणारा एखादा पोरगा गर्दी कमी झाल्यावर विचारतो, 'रूट करून मिळेल का?' या शेवटच्या प्रश्नाला गावोगावी दोनच उत्तरं मिळतात. एक, 'आण, दहा मिनिटांत करतो.' दुसरं, 'नादाला लागू नको, फोन डेड होईल.' दोन्ही उत्तरं अनुभवातूनच आलेली असतात, पण का करावं आणि का करू नये, हे त्यांतून कळत नाही. ही पुस्तिका त्या 'का'साठी लिहिली आहे.

आधी मुळातली व्यवस्था पाहू. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभं आहे आणि लिनक्सने आपली बरीचशी शिस्त युनिक्सकडून घेतली आहे. त्या शिस्तीत संगणकावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. अँड्रॉइडने या व्यवस्थेचा हुशारीने उपयोग केला. फोनवरचं प्रत्येक ॲप हा एक वेगळा वापरकर्ता मानला आणि ॲपना १०००० पासून पुढचे क्रमांक दिले. म्हणूनच फोनमधला गेम बँकेच्या ॲपच्या फायली वाचू शकत नाही. शून्य क्रमांक मात्र कंपनीने राखून ठेवला; फोन विकत घेणाऱ्याला तो मिळत नाही. सातबारा आपल्या नावावर, पण विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली भलत्याकडेच, असा हा व्यवहार आहे. ती किल्ली मिळवणं म्हणजे रूट करणं.

दुकानात या शब्दाखाली चार-पाच वेगवेगळी कामं एकत्र कोंबली जातात, ती सुटी करून घेतली पाहिजेत. 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचीच मूळ प्रणाली पुन्हा भरणं. त्यात रूटचा संबंध नाही. 'बूटलोडर अनलॉक करणं' म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप काढणं, म्हणजे मग तो कंपनीची सही नसलेली प्रणालीही चालवू देतो. 'कस्टम रॉम टाकणं' म्हणजे कंपनीची प्रणाली काढून दुसऱ्या कोणी तयार केलेलं अँड्रॉइड बसवणं. 'रूट करणं' म्हणजे आहे त्या प्रणालीत शून्य क्रमांकाचा अधिकार स्वतःकडे घेणं. आणि चोरीच्या किंवा पासवर्ड विसरलेल्या फोनचं गुगल लॉक तोडणं हा निराळाच धंदा आहे. तो या पुस्तिकेत नाही. कस्टम रॉम असलेला फोन रूट केलेला असेलच असं नाही. लिनिएजओएस हे सर्वांत परिचित कस्टम अँड्रॉइड आज रूटशिवायच येतं. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. गेल्या पंधरा वर्षांत रूट करण्याचा फायदा आटत गेला आणि धोका वाढत गेला. पूर्वी जे रूट करून मिळवावं लागे, त्यातलं बरंचसं अँड्रॉइडने स्वतःच देऊन टाकलं. त्याच काळात फोनमध्ये पैसा येऊन बसला. म्हणून रोजच्या वापरातल्या फोनसाठी माझं उत्तर 'नको' असं आहे. पण कंपनीने वाऱ्यावर सोडलेला जुना फोन समोर असेल, तर हाच हिशेब उलटा मांडावा लागतो. ही दोन्ही उत्तरं कशी येतात, ते समजायला थोडा इतिहास लागेल.

पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि काही आठवड्यांतच रूट झाला. त्यासाठी कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. एकाने फोन बंद करून पुन्हा सुरू केला होता. मैत्रिणीने संदेशातून विचारलं, उत्तर का देत नाहीस? त्याने उत्तरादाखल 'रीबूट' एवढाच शब्द टाइप केला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कीबोर्डवर टाइप केलेली प्रत्येक गोष्ट पडद्याआड रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका कमांड खिडकीतही जात होती. तयार करताना ठेवलेली ती वाट बंद करायची राहून गेली होती. गुगलने पुढच्याच अपडेटमध्ये ती बुजवली. पण तोवर लोकांना कळलं होतं की या फोनच्या आत शिरता येतं. २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रामरने सायनोजेनमॉड नावाचं सुधारित अँड्रॉइड वाटायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरात गुगलने, आमची जीमेल आणि मॅप्ससारखी ॲप त्यात घालून वाटू नका, अशी नोटीस त्याला पाठवली. फोन कुणाचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मराठी माणसासाठी या वादाला एक खास बाजू होती, आणि ती आज विसरल्यात जमा आहे. २०११-१२ च्या सुमारास आपल्याकडे पोहोचलेल्या अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनांवर मराठी दिसतच नसे. संकेतस्थळ उघडलं की अक्षरांच्या जागी चौकोनांची रांग. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', अपूर्णविराम, 'कॉन्फिग' असं टाइप केलं की एक पान उघडे. त्यात अगदी खाली, अवघड लिपींसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायची सोय होती. ती चालू केली की मराठी दिसे, कारण अक्षरं ऑपेराच्या सर्व्हरवरच चित्रं होऊन येत. हा तोडगा तोंडोतोंडी पसरला होता. पण तो एका ब्राउझरपुरताच. एसएमएसमध्ये आणि बाकीच्या ॲपमध्ये मराठी हवी असेल, तर प्रणालीच्या फॉन्ट फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकावा लागे, आणि त्या फोल्डरला हात लावायला रूट लागे.

तेवढं करूनही काम अर्धंच होई. अक्षरं उमटत, पण त्यांची जुळणी करणारा भाग जुन्या अँड्रॉइडमध्ये नव्हता. 'विठ्ठल' लिहिलं तर पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर येऊन 'ठ'ला चिकटे, आणि जोडाक्षर मोडून त्याच्या पायाशी हलन्ताची रेघ लटके. तरीही लोक ते वाचत, कारण चौकोनांपेक्षा ते बरं होतं. जुन्या पिढीतल्या अनेक मराठी तंत्रवेड्यांनी पहिला फोन रूट केला तो गेमसाठी नव्हे, मराठी वाचण्यासाठी, हे त्यांच्याकडून ऐकायला मिळतं. पुढे अँड्रॉइड ४.१ मध्ये, म्हणजे २०१२ साली, हिंदीचा अधिकृत आधार आला. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मंडळींनी स्वरचक्र हा कीबोर्ड दिला. २०१४ अखेरच्या अँड्रॉइड ५.० मध्ये फोनच्या मेनूची भाषाच मराठी करता येऊ लागली. रूट करण्याचं मराठी माणसाचं सर्वांत सयुक्तिक कारण तिथे संपलं.

बाकीची कारणंही अशीच एकेक करून गळाली. २०११ चा सॅमसंग गॅलेक्सी वाय घ्या. त्या काळात घरोघरी दिसणाऱ्या या फोनमध्ये ॲपसाठी मिळणारी जागा दोनशे एमबीच्याही आत होती. दोन-चार ॲप टाकली की 'जागा अपुरी' अशी पाटी. मग मेमरी कार्डाचे दोन भाग पाडायचे, फोन रूट करायचा आणि लिंक-टू-एसडी नावाच्या ॲपने सगळं कार्डावर ढकलायचं, हा उद्योग पोरं रात्र रात्र करत. आज आठ-दहा हजारांच्या फोनातही ६४ जीबी जागा असते. जाहिराती अडवायला रूट लागायचं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये खासगी डीएनएसचा पत्ता घालून बऱ्याच जाहिराती थांबवता येतात. ॲपच्या परवानग्या एकेक करून नाकारायला रूट लागायचं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने ती सोय सर्वांना दिली. स्क्रीनचं रेकॉर्डिंग अँड्रॉइड ११ मध्ये आयतंच आलं. कंपनीने लादलेली ॲप काढायलाही आता रूटची गरज उरली नाही. फोन संगणकाला जोडून एडीबी या अधिकृत साधनाने ती आपल्या खात्यापुरती काढून टाकता येतात, आणि काही बिघडलं तर परतही आणता येतात. पहिल्या परिच्छेदातली ती कॉलेजातली पोरं रूट मागतात तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना खरं तर हेच हवं असतं. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण 'रूट न करता' असं आहे, आणि ते सर्वांत मोठं आहे.

आता धोक्याची बाजू. तिच्यात २०१६ हे वर्ष निर्णायक मानायला हवं. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं आणि डिसेंबरात भीम ॲप आलं. त्याआधी फोन हरवला तर फोटो आणि नंबर जात. त्यानंतर फोन म्हणजे खातं झालं. उसाचं बिल जमा झाल्याचा संदेश, खताच्या दुकानातला क्यूआर, सोसायटीचा हप्ता, पोराची फी, सगळं त्याच एका यंत्रात आलं.

त्याच २०१६ च्या जूनमध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने 'गॉडलेस' नावाच्या घातक प्रोग्रामची माहिती जाहीर केली. साध्या दिसणाऱ्या ॲपमधून तो फोनमध्ये शिरे, स्क्रीन बंद होण्याची वाट पाही आणि मालकाच्या नकळत फोन रूट करून टाकी. त्यानंतर त्याला हवी ती ॲप तो स्वतःच बसवी. जगभर साडेआठ लाखांहून अधिक फोनांना त्याची लागण झाल्याचं कंपनीचं म्हणणं होतं आणि त्यांतले जवळपास निम्मे एकट्या भारतात होते. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. गॉडलेस ज्या भोकांतून आत शिरे, त्यांतलं एक २०१४ मध्ये टॉवेलरूट या ॲपने वापरलं होतं. जॉर्ज हॉट्झ या प्रसिद्ध हॅकरने ते केलं होतं आणि हौशी मंडळींनी त्याचं जोरदार स्वागत केलं होतं. म्हणजे ज्या त्रुटीमुळे मालकाला एका बटणात रूट मिळालं, त्याच त्रुटीने चोरालाही ते मिळालं. एका बटणात रूट करून देणाऱ्या ॲपबद्दल मी या पुस्तिकेत एवढा कडवट का आहे, ते यावरून समजेल. असं ॲप चालतं तेच मुळी तुमच्या फोनमध्ये भोक आहे म्हणून. आणि आत काय आहे हे न दाखवणाऱ्या, अनोळखी माणसाने बनवलेल्या प्रोग्रामला तुम्ही शून्य क्रमांकाचा अधिकार देत असता.

हाताने, नीट पद्धतीने रूट केलं तरी धोका संपत नाही. तो फक्त तुमच्या ताब्यात येतो. आज बहुतेक लोक मॅजिस्क वापरतात. जॉन वू या तैवानी तरुणाने २०१६ मध्ये ते बनवलं. मॅजिस्क मूळ प्रणालीच्या फायलींना हात लावत नाही. फोन सुरू होतानाच्या एका छोट्या भागात बदल करून ते रूटचा अधिकार मिळवतं, आणि एखादं ॲप रूट मागू लागलं की द्यायचं का ते विचारतं. 'परवानगी द्या' किंवा 'नाकारा', एवढीच दोन बटणं. पण त्या पहिल्या बटणावर एकदा चुकीच्या ॲपसाठी बोट पडलं की ॲपांमधल्या सगळ्या भिंती त्या ॲपपुरत्या नाहीशा होतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपची किल्ली, ब्राउझरमधले पासवर्ड, बँकेचे ओटीपी, सगळं त्याला वाचता येतं. रूट नसलेल्या फोनात माणसाच्या चुकीला प्रणाली मर्यादा घालते. रूट केलेल्या फोनात ती मर्यादा माणसाला स्वतःच पाळावी लागते, रोज, प्रत्येक खिडकीवर, झोपेच्या गुंगीतसुद्धा.

बँका हे ओळखून आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबाबत निर्देश काढले. फोन रूट केलेला आहे का हे ॲपने तपासावं आणि असल्यास चालू नये, अशी व्यवस्था करण्याची शक्यता बँकांनी पाहावी, असं त्यात सुचवलं आहे. आज बहुतेक बँकांची ॲप रूट केलेल्या फोनवर उघडायला नकार देतात. गुगलकडेही यासाठी तपासणी आहे. आधी तिचं नाव सेफ्टीनेट होतं, आता प्ले इंटिग्रिटी. तिच्यापासून रूट लपवायचे मार्ग हौशी मंडळी शोधतात, गुगल ते बंद करते, ती पुन्हा नवे शोधतात. स्वतः जॉन वू २०२१ मध्ये गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात नोकरीला लागला आणि मॅजिस्कमधून लपवण्याची सोय त्याने काढून टाकली, यातच या खेळाचं वारं कुठे वाहतंय ते दिसतं. आता तपासणीचा कडक प्रकार फोनच्या चिपमध्ये कोरलेल्या किल्लीवर चालतो. तिला फसवणं सोपं नाही. कुणी फसवलंच, तरी पुढच्या अपडेटला सोमवारच्या सकाळी ऐन बाजारात पैसे अडकण्याची तयारी ठेवावी लागते.

आणि पैसे गेलेच तर? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. रूट केलेला फोन पुढे ठेवून हक्क मागताना बँक हाच मुद्दा काढू शकते, हे लक्षात घ्यावं. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवणं मात्र रूट असो-नसो, सर्वांनाच लागू.

याखेरीज न परतणाऱ्या काही गोष्टी आहेत. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हा बिघाड नसून मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, म्हणजे चोराने कुलूप काढलं तरी त्याला फोटो मिळू नयेत. सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेत तर अनधिकृत प्रणाली टाकली की चिपमधला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो. मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरलं तरी तो जोडला जात नाही, आणि सॅमसंगच्या पेमेंटसारख्या सेवा त्या फोनवर कायमच्या बंद होतात. बऱ्याच फोनांवर चित्रपटांच्या ॲपमध्ये एचडी चित्र मिळेनासं होतं. वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात. आणि चुकीच्या मॉडेलची फाइल भरली तर दुकानदाराच्या भाषेत 'फोन लोगोवर अडकतो' किंवा थेट 'डेड' होतो. लोगोवर अडकलेला बहुधा परत आणता येतो. डेड झालेला दर वेळी येत नाही.

मग हे प्रकरण इथेच का मिटवू नये? कारण घराघरांत एक दुसरा फोन असतो. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामाला येते, तेव्हा गावात जिथे जिथे वीज आहे तिथे तिथे एक्स्टेंशन बोर्डांवर वारकऱ्यांचे फोन चार्जिंगला लागलेले दिसतात. ते फोन जरा निरखून पाहावेत. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं, आणि प्रणाली सात-आठ वर्षांपूर्वीची. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना वडिलांकडे, वडिलांचा आईकडे, असे फोन घरात खाली सरकत जातात. ज्या फोनला कंपनीने सुरक्षा अपडेट देणं कधीच थांबवलं, तो घरातल्या सर्वांत भोळ्या माणसाच्या हाती असतो. रूट न केलेला, कंपनीच्या कुलपात बंद असलेला हा फोन सुरक्षित आहे, ही आपली चुकीची समजूत आहे. गॉडलेसने गाठले होते ते बहुतेक याच जातीचे फोन.

अशा अनाथ फोनांचं एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूर तालुक्यात गेलं की रांजणगावची एमआयडीसी लागते. तिथल्या एलजीच्या कारखान्यात टीव्ही-फ्रिजबरोबर एके काळी मोबाइलही बनत. ५ एप्रिल २०२१ ला एलजीने जगभरातला मोबाइलचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्या कंपनीचं एक संकेतस्थळ होतं, जिथून मोजक्या मॉडेलांच्या मालकांना बूटलोडर अधिकृतपणे उघडून मिळे. तेही ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं. त्या तारखेआधी ज्यांनी कुलूप काढून घेतलं, त्यांना निदान दुसरी प्रणाली टाकायची वाट राहिली. ज्यांनी काढलं नाही, त्यांच्या चालत्या-बोलत्या फोनचं भवितव्य एका बंद झालेल्या संकेतस्थळाने ठरवलं. किल्ली कंपनीकडे ठेवण्यात सोय आहे, पण कंपनीच उठून गेली तर किल्ली परत करायला कुणी येत नाही.

म्हणून जुन्या फोनसाठी माझा सल्ला बदलतो. मॉडेलला लिनिएजओएसचा अधिकृत आधार असेल, तर बूटलोडर उघडा, ती प्रणाली टाका आणि रूट करू नका. कंपनीने सोडून दिलेल्या फोनला नवीन अँड्रॉइड आणि ताजे सुरक्षा अपडेट मिळण्याचा हाच मार्ग आहे. त्यातही आपल्याकडची एक मेख आहे. जिओवर साधे कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे डेटा नेटवर्कवरूनच, चालतात, आणि कस्टम प्रणालीत व्होल्टी दर वेळी चालतेच असं नाही. ते आधी तपासलं नाही, तर नेट चालू आणि फोन बंद, अशी गत होते. सगळ्याच फोनांना हा मार्ग मोकळाही नाही. विवोसारख्या कंपन्या बूटलोडर उघडायची अधिकृत सोयच देत नाहीत. शाओमीच्या फोनांना अर्ज करून १६८ तास थांबावं लागे, आणि पुढे त्यांनी अटी आणखी कडक केल्या. आपल्या भागात कोणते फोन जास्त विकले जातात हे पाहिलं, तर अनेकांसाठी हा प्रश्न कंपनीनेच निकालात काढलेला आहे.

पूर्ण रूट करावं असा फोन कोणता? ज्यात एकही सिम, एकही बँक, एकही ओटीपी नाही तो. गोठ्यावर किंवा मोटारीवर नजर ठेवणारा कॅमेरा म्हणून लावलेला, हरिपाठ आणि कीर्तनं ऐकायला आजोबांच्या उशाशी ठेवलेला, किंवा लिनक्स शिकायला मुलाच्या हाती दिलेला. शिकणाऱ्या मुलासाठी तर याहून चांगलं पुस्तक नाही. फाइलची मालकी म्हणजे काय, प्रक्रिया कशी चालते, कर्नल कुठे बसतो, हे दहा हजारांच्या लॅपटॉपशिवाय त्याला कळू शकतं. मोडला तर मोडला; घरातला व्यवहार थांबत नाही.

कायद्याची बाजूही इथेच स्पष्ट करतो, कारण तिच्याबद्दल अफवा फार आहेत. अमेरिकेत २०१० साली मोबाइलचं सॉफ्टवेअर-कुलूप काढण्याला कॉपीराइट कायद्यातून अधिकृत सूट मिळाली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. संरक्षणाची तांत्रिक व्यवस्था तोडण्याला ते शिक्षा सांगतं, पण हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तोडली तर. स्वतःच्या फोनवर स्वतःचा अधिकार घेणं आणि पायरेटेड चित्रपट वाटणं या दोन गोष्टी कायदा एका मापाने मोजत नाही. आयएमईआय क्रमांक बदलणं मात्र सरळ गुन्हा आहे. त्यासाठी २०१७ मध्येच नियम निघाले होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. रूटच्या नावाखाली कुणी 'आयएमईआय पण मारून देतो' म्हणाला, तर फोन उचलावा आणि दुकानातून बाहेर पडावं.

एक प्रश्न आपल्या भागापुरता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून, अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो फोनवरून नोंदवायचा. मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस असलेल्या या पट्ट्यातही प्रत्येक घरातलं कुणीतरी ते करतं. रूट केलेल्या फोनवर ॲपला जीपीएसची खोटी जागा सांगता येते, हे पोरांना माहीत आहे, आणि बांधावर न जाता नोंद करून देण्याच्या गप्पाही कानावर येतात. त्या नोंदीवर पीक विमा, नुकसानभरपाई आणि सातबाऱ्यावरचा पिकाचा रकाना अवलंबून असतो. शेतात न गेलेल्या फोनने भरलेला तो रकाना भरपाईच्या वेळी मालकाच्याच अंगाशी येतो. हा उपयोग या पुस्तिकेत सांगितलेला नाही, सांगणारही नाही.

पुस्तिकेची मांडणी अशी आहे. पहिल्या प्रकरणात रूट न करता होणारी कामं. दुसऱ्यात आपला फोन ओळखणं: मॉडेल क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती, शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख. सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवलं की फोन 'तुम्ही आता डेव्हलपर आहात' असं जाहीर करतो. त्या पाटीने हुरळून न जाता पुढे काय पाहायचं, ते तिथे आहे. तिसऱ्यात बूटलोडर उघडणं आणि त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना येणाऱ्या इशाऱ्याच्या पडद्याचा अर्थ. चौथ्यात कस्टम प्रणाली, पाचव्यात मॅजिस्क, सहाव्यात परतीची वाट, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरून बूटलोडर बंद करणं. शेवटच्या प्रकरणात दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांसाठी काही सूचना आहेत. गिऱ्हाइकाला न विचारता रूट करून देणं हे त्याच्या घराची किल्ली काढून घेण्याइतकंच गंभीर आहे, हे त्यांत पहिलं. वरवंड, केडगाव, पाटस आणि यवतच्या ज्या दुकानदारांनी टेबलापलीकडची जागा देऊन मला हे काम जवळून पाहू दिलं, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांच्या अनुभवाशिवाय सहावं प्रकरण लिहिता आलं नसतं.

वाचकाला एवढंच सांगणं की प्रकरणं क्रमाने वाचा आणि पहिल्या प्रकरणात काम भागलं तर तिथेच थांबा. पुढे जायचं ठरलंच, तर दुसरं प्रकरण उघडण्याआधी फोनमधले फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप दुसरीकडे उतरवून घ्या, यूपीआय दुसऱ्या फोनवर सुरू करून एक रुपया पाठवून पाहा, आणि फोनची बॅटरी निदान निम्मी भरलेली असू द्या. ही तिन्ही कामं झाली नसतील, तर संगणकाची वायर फोनला लावू नका.

वरवंड, ता. दौंड, जि. पुणे